भेव लागल्याची जागा

छगन न्हाव्याचा वस्तरा अमृतच्या कंठमण्याशी आला आणि तिथेच विसावला. "वकीलसाहेब, उद्या झरीची तारीख ने?" छगन म्हणाला. छगन अर्धी हजामत मराठीत करी आणि अर्धी गुजरातीत. "दौलतशेठ सवारे आलेले. म्हणाले, एसटीला मरणाची गर्दी असते, वकीलसाहेबांना सांग आमच्या जीपमधून चला. घरचाच पोरगा आहे म्हणाले. हां हां, हलू नका, साहेब!" अमृत हललाच नव्हता. हलायला अंगात कोणी असावं लागतं, आणि अमृत तर जीपचं नाव ऐकताच आरशातल्या फेसाळ तोंडाच्या कुठेतरी मागच्या बाजूला निघून गेला होता. तारीख शेठना ठाऊक असणारच, खटला त्यांच्याविरुद्धच होता. जीपमधून चला, यातही वावगं काही नव्हतं. दहा वर्षांचा असताना वाढवणच्या घरी याच शेठनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि अण्णांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, म्हटलं होतं, "पोराचं डोकं चांगलं गोल आहे हो तुमच्या." तेव्हापासून अमृतला आपलं डोकं गोल असल्याची भीती वाटत आली होती. आता वस्तरा हनुवटीकडे सरकला, तरी गळ्यावर तो होता तिथेच आहे असं त्याला वाटत राहिलं. पुढे दिवसभर वाटत राहिलं. दुपारी अंबूबाईंच्या खाणावळीत सुरमईचा तुकडा घशाखाली उतरेना, तेव्हा त्याने गळा चाचपून पाहिला. अंबूबाई म्हणाल्या, "काटा लागला का रे?" तो म्हणाला, "हो." काटा लागला म्हणणं सोपं होतं.

त्या काळी डहाणू रोड स्टेशनापासून थेट समुद्रापर्यंत दौलतशेठच्या नावाला उतार नव्हता. शेठ शिंकले की वाड्यांतले चिकू अवेळी पिकतात, अशी वदंता होती, आणि ती पसरवण्यात चिकूवालेच पुढे होते. शेठनी कोणाला मारल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. तीच तर मेख होती. मुंबईच्या एका ट्रस्टने नव्या वकिलांसाठी वर्षभराची वृत्ती काढली होती. सनद मिळाली की या भागात यायचं, कूळकायद्यातले गरिबांचे खटले फुकट चालवायचे आणि महिन्याच्या महिन्याला अहवाल धाडायचा. गेल्या साली या वृत्तीवर दादरचा एक उमदा गृहस्थ आला होता. ट्रस्टने त्याला सायकल दिली होती. एका सकाळी ती सायकल कचेरीपुढच्या चिंचेच्या पार शेंड्याला सापडली. कोणी चढवली, कशी चढवली, काही थांग लागला नाही. ती आपली आपण चढली, कारण शेठच्या हद्दीत सायकलीसुद्धा भितात, असंही काही जाणते सांगत. गृहस्थ त्याच संध्याकाळच्या गाडीने गेला. सायकल मात्र पुढे तीन पावसाळे वर राहिली आणि तिच्या घंटीत बुलबुलाने दोन विणी काढल्या. म्हणून साठ सालच्या जूनमध्ये अमृत आला तेव्हा ट्रस्टने त्याला सायकल दिलीच नाही. छत्री दिली. छत्री झाडावर टांगली तरी काढता येते, असा पोक्त विचार त्यामागे असावा.

त्या छत्रीसकट अमृत आश्विनात झरीला गेला होता. बुधीबाई नावाच्या वारली विधवेचं प्रकरण त्याच्याकडे आलं होतं. ओढ्याकाठचा एक तुकडा, तिच्या नवऱ्याच्या आधीपासून तिचं घर कसत होतं. शेठ म्हणत होते, कसते कुठली, ते तर आमचं गवताचं रान. बाई मजुरीने गवत कापते. गवताच्या रानाला कुळाचा हक्क पोचत नाही, असं शेठच्या वकिलाचं म्हणणं, आणि तलाठ्याच्या पीकपाहणीत सालोसाल 'गवत' हीच तीन अक्षरं. तेव्हा शेत डोळ्यांनी बघावं म्हणून अमृत उन्हाच्या वेळी पायवाटेने निघाला, आणि ओढ्याशी पोचतो न पोचतो तोच वळणापलीकडे जीपचा आवाज आला. त्या अंगाला जीप एकच होती. पुढे काय झालं ते अमृतने स्वतःलाही धडपणे सांगितलं नव्हतं. म्हणजे, तो विचार करायला लागला होता की नमस्कार करावा, छत्री मिटून करावा की उघडी ठेवून, आणि विचार पुरा व्हायच्या आत तो भातात पालथा पडला होता. बी.ए., एलएल.बी., पालथा. चिखल ओठांना लागला. लोंब्या कानात शिरल्या. एक खेकडा हातावरून असा सावकाश गेला, जणू हाताची मोजणी करायची त्याच्यावर जबाबदारी होती. दातावर दात वाजू नयेत म्हणून अमृतने एक लोंबी तोंडात धरली, आणि दाणे फुटून दूध जिभेवर आलं. जीप थांबली. "ए बुधी, इथून छत्रीवाला कोणी गेला का?" बांधावर बुधीबाई उभी होती. तिच्या पायाशी छत्री पडली होती. ती छत्रीवर बसली. "कोण नाय गेला," ती म्हणाली. जीप लगेच गेली नाही. जीपमधली माणसं विडी ओढत ओढ्याकडे बघत राहिली, मग जेवली, मग बहुतेक निजली. सूर्य डोक्यावर होता तेव्हापासून बांधाची सावली त्याच्या पाठीवर येईपर्यंत अमृत तिथे होता. तो उठला तेव्हा बुधीबाईने छत्री त्याच्या हातात दिली आणि पाठमोरी होऊन तण काढू लागली. हसली नाही. त्यानंतर चार-पाच वेळा ती डहाणूला आली, कागदांवर अंगठे उठवून गेली; एका शब्दानेही तिने त्या दिवसाचा विषय काढला नाही. अमृतला वाटे, विसरली असेल. मग वाटे, विसरेल कशी, छत्रीची एक काडी तिच्याच वजनाने वाकलेली आहे.

तारखेच्या दिवशी तो जीपमधून गेला नाही. एसटीनेच गेला, दौलतशेठना जीपमध्ये थांबायला नको, म्हणून पहिल्या गाडीने, अंधार फिटता फिटता. सबंध वाटेत तो मागे वळून रस्त्याकडे बघत राहिला, तेव्हा शेजारचा भाजीवाला म्हणाला, "कोणी सुटलं का पाठीमागं?" तलासरीला उतरून तो चालत झरीला पोचला तो पाड्यावर धूर नुकताच उठत होता. बुधीबाईच्या अंगणात लाहू भगत बसला होता. कोणाचं पोर रडत असलं, कोणाची म्हैस दूध देईनाशी झाली, की सुपात तांदळाचे दाणे टाकून लाहू त्याचं कारण काढी. त्याने अमृतकडे पाहिलं आणि कोणी न सांगता सूप पुढे ओढलं.

"ह्याला भेव लागलाय," लाहू म्हणाला.

"नाही हो, झोप नाही झाली," अमृत म्हणाला.

"वकील झालास तरी बस खाली. बुधे, दाणं आन." बुधीबाईने मूठभर तांदूळ आणून सुपात टाकले. लाहूने ते बोटाने हलवले, दोन-दोन बाजूला सारले, ओठात पुटपुटला, आणि मान वर करून विचारलं, "कठं लागला भेव? जागा सांग. कंच्या झाडाखाली, कंच्या पाण्याशी. ज्याला लागला त्यानं सोताच्या तोंडानं जागा सांगाची, मंग भेव तठं परत जातो."

अमृतने बुधीबाईकडे पाहिलं. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. "कुठे नाही लागला," तो म्हणाला. मग न राहवून त्याने विचारलं, "आणि समजा, दुसऱ्या कोणी सांगितली जागा तर?"

"दुसऱ्याचा भेव बोलू नये. बोलला तं बोलणाराच्या घरात शिरतो. पोरंबाळं असतात." लाहूने सूप उलटं केलं. कोंबड्या धावल्या. "नाय सांगत तं ऱ्हाऊ दे. घेऊन फिर."

साक्षीदार दोन ठरले होते. लडक्या आणि बाबल्या, बुधीबाईच्या बांधाला बांध लागून असलेले. त्यांच्या झोपड्यांना बाहेरून कड्या होत्या. पाणी घेऊन परतणारी लडक्याची सून म्हणाली, शेठकडून माणूस आला, वापीच्या बाजूला गवत भरायला नेलं, दोघांनाही, आठवडाभर. हे सांगताना ती सारखी अमृतच्या मागे कोणी उभं आहे का ते पाहत होती. त्यामुळे अमृतलाही पाहावं लागलं. शेताकडे जाऊन बघावं तर शेत उरलं नव्हतं. भात कापून झाल्यावर कोणाची तरी गुरं चार दिवस त्यात कोंडून ठेवली होती. धसकटाचा मागमूस नव्हता, आणि मधोमध गवताची एक गंजी अशी उभी होती, जणू पांडवांच्या काळापासून तिथेच आहे. अमृतने ठरवलं, पुढची तारीख मागायची. ठरवताच त्याचा श्वास मोकळा झाला, आणि श्वास मोकळा झाल्याची त्याला लाज वाटली. पुढची तारीख म्हणजे पावसाच्या तोंडाशी. तोवर शेठचे लोक तुकड्याला काटेरी कुंपण घालणार, आणि यंदा बुधीबाईला त्यात पाऊल टाकता येणार नाही. मग तिने कसलं नाही हे खरंच होईल. हे तो जाणून होता. ट्रस्टच्या अहवालाच्या छापील तक्त्यात मात्र 'तारीख वाढवून घेतली' असं लिहायला रकाना होता. भ्यालो असं लिहायला नव्हता.

चावडीत मामलेदार एका टेबलामागे बसले होते. दौत आणि, कागद सरकू नयेत म्हणून ठेवलेला, गुळगुळीत दगड यांच्याकडे ते आळीपाळीने बघत. दौलतशेठ खिडकीशी खुर्चीवर. पांढरं धोतर, काळी टोपी, मांडीवर पंचांग घेतल्यासारखे शांत हात. अमृत आत शिरताच ते म्हणाले, "काय रे, जीपमध्ये वाट बघितली तुझी. अण्णांचा दमा कसा आहे?" "बरा आहे," अमृत म्हणाला. वस्तऱ्याचं थंड पातं पुन्हा गळ्यावर टेकलं. भिंतीला टेकून, दाराबाहेर, ओसरीवर, माणसं बसली होती. त्यांचेही असेच तुकडे, अशीच 'गवताची रानं'. शेठच्या वकिलांनी पीकपाहणीचे उतारे पुढे केले. चहा प्यावा तितक्या सहजतेने त्यांनी काम केलं. अमृत तारीख मागायला उठणार, तोच मामलेदार बुधीबाईकडे वळले.

"बाई, तुझं काय म्हणणं?" मामलेदारांनी विचारलं.

"भात लावतो मी तठं. माजा घोव लावायचा. त्याचा बाप लावायचा."

"कोणी पाहिलंय?"

"समद्यांनी."

मामलेदारांनी मान वर करून ओसरीकडे पाहिलं. ओसरीने माना खाली घातल्या. "साक्षीदार कोण तुझा? नाव सांग."

"हाय एक," बुधीबाई म्हणाली.

अमृत हातातले कागद पुन्हा पहिल्यापासून लावू लागला.

"कोण?"

"त्यानं भात पायलाय. लई जवळून पायलाय."

"अगं, पण नाव काय त्याचं?"

"मी नाय सांगाची."

शेठचे वकील हसले. शेठही, नम्रपणे. "साहेब, लाजते ती," वकील म्हणाले. मामलेदारांनी टाक खाली ठेवला. "बाई, नाव सांगितलंस तर त्याला बोलावतो. नाही सांगितलंस तर 'साक्षीदार नाही' असं लिहावं लागेल. मग जमीन गेली. कळतंय ना?"

"कळतं."

"मग सांग."

"त्याचं त्यानं सांगावं. दुसऱ्याचं बोलायचं नसतं."

ती अमृतकडे पाहतच नव्हती. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याला राग आला असता, आणि रागाच्या भरात माणूस पुष्कळ काही करून जातो. पण ती टेबलाच्या पायाकडे बघत होती, आणि एक अख्खं शेत ओठांत दाबून धरत होती. कशासाठी, तर वाढवणच्या एका गोल डोक्याच्या माणसाला चारचौघांत भित्रा म्हणवून घ्यावं लागू नये म्हणून. आणि पोराबाळांच्या घरात त्याचं भेव शिरू नये म्हणूनही असेल. अमृतला कॉलेजातले एक भारदस्त आवाजाचे प्राध्यापक आठवले. जो साक्षीला उभा राहील त्याने त्या खटल्यात वकील राहू नये, असं ते म्हणत, आणि वर म्हणत, असा प्रसंग फौजदारीत क्वचित, दिवाणीत त्याहून क्वचित आणि तुमच्या आयुष्यात बहुधा कधीच येणार नाही. मामलेदारांनी टाक उचलला. टाकाचं टोक दौतीत बुडालं. ते वर येईपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढ्यात अमृत चार वेळा पळून गेला: एकदा स्टेशनापर्यंत, एकदा मुंबईपर्यंत, एकदा आईच्या पदरात आणि एकदा त्याच भातात. तिथे त्याला परत तो खेकडा भेटला. टाक वर आला तेव्हा तो चावडीतच उभा होता, आणि उभा का आहे हे सगळे बघत होते.

"साहेब, मला वकीलपत्र मागे घ्यायचंय," तो म्हणाला. आवाज बकरीसारखा निघाला. ओसरीवर एक सुस्कारा फिरला. गेल्या सालचाही असाच गेला होता. शेठ किंचित पुढे झुकून म्हणाले, "शहाणा आहे. अण्णांचं वळण."

अमृत बुधीबाईजवळ जाऊन बसला. "बुधीबाई, मी आता तुमचा वकील राहणार नाही."

"मंग कोण ऱ्हाईल?"

"कोणी नाही. तुम्हीच."

"आन् तू कठं जाशील?"

"इथेच. त्या टेबलाच्या त्या बाजूला."

आता तिने पाहिलं त्याच्याकडे. "मंग जा," ती म्हणाली.

शपथ संपली तरी त्याचा हात वरच राहिला, तेव्हा मामलेदार म्हणाले, "हात खाली घेतलात तरी चालेल." त्याने सांगितलं. तारीख, वार, ओढ्याची कोणती कड. सांगताना त्याला वाटत होतं, की आपण कुठल्यातरी तिसऱ्याच इसमाविषयी बोलतो आहोत आणि तो इसम फार हास्यास्पद आहे. शेठचे वकील उठले. ते आता खरेच जागे झाले होते.

"गवतालाही लोंबी असते, वकीलसाहेब. भातच कशावरून?"

"हाताने लावलेलं होतं. बुंध्याशी तीन-तीन, चार-चार काड्या एकत्र. रानात आपोआप उगवलेलं गवत तसं नसतं. आणि मी खाल्लं. दाणा दुधात होता."

"एवढ्या जवळून? आपण तिथे बसला होतात?"

"पालथा पडलो होतो."

"कशासाठी?"

"लपायला."

ओसरी हसली. अंगावर येणारं हसू नव्हतं ते, पण हसूच. "कोणापासून?" वकिलांनी गोडीने विचारलं. हा प्रश्न येणार हे अमृतला उठतानाच ठाऊक होतं. खिडकीशी शांत हात मांडीवर होते. एवढीशी मान त्या दिशेला वळवायची होती. त्या मानेला छगनच्या दुकानापासून एका रात्रीत गंज चढला होता. ती कुरकुरल्याचा आवाज तलासरीपर्यंत गेला असेल.

"दौलतशेठपासून," अमृत म्हणाला.

हसू थांबलं. "शेठनी आपल्याला कधी धमकी दिली?" "नाही." "हात उगारला?" "नाही." "शिवी?" "नाही, उलट माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता." "मग भीती कसली वाटली आपल्याला?"

"ते मला सांगता येणार नाही," अमृत म्हणाला. "आत्ताही वाटतेय. पण भात होतं."

मामलेदारांनी ते सगळं लिहून घेतलं. 'आत्ताही वाटतेय' हेसुद्धा लिहिलं. मग जबाब वाचून दाखवला. आपली भीती सरकारी मराठीत ऐकताना अमृतच्या कानशिलांना घाम फुटला. सही करताना नावातला 'मृ' तीनदा चुकला. मामलेदारांनी कागदावरचा दगड उचलून बाजूला ठेवला. मग शेठच्या वकिलांना म्हणाले, "लपणारी माणसं खोटं सांगताना मी पुष्कळ पाहिली. आपण लपलो होतो हे सांगायला खोटं बोलणारा अजून बघायचाय." आणि कारकुनाला त्यांनी सांगितलं, "लिहा. सदर बाई सदर जमिनीवर भातपीक घेत असल्याचं शाबीत. कूळ ठरवण्यात येत आहे."

बुधीबाईने अंगठा उठवला. शाई पुसायला तिला काही मिळेना, तेव्हा तिने तो केसांवर पुसला. दौलतशेठ उठले, टोपी नीट केली आणि अमृतच्या जवळून जाताना थांबले. "छान बोलतोस," ते म्हणाले. "अण्णांना सांगीन मी. मुद्दाम वाढवणला जाऊन सांगीन." ते इतक्या मायेने म्हणाले. अमृत ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. लाहू भगताच्या हिशेबाने भेव आता ओढ्याकाठी परत गेलं असायला हवं होतं. कुठलं जातं! ते पायरीवर त्याच्या शेजारी, ऐसपैस बसलं होतं. त्याला म्हातारे अण्णा दिसले, झोपाळ्यावर, आणि समोर पंचांगासारखे ते शांत हात.

"वकीलदादा."

समोर एक म्हातारा उकिडवा बसला होता. त्याच्या मागे आणखी सहा-सात जण. "मी हिरू. वरल्या पाड्याचा. माजा बी गवत म्हणून लिवलाय. साक्षीला कोण उभा ऱ्हात नाय." तो थोडा पुढे सरकला. चेहरा इतका आशेचा, की बघवेना. "माज्या शेतात नाय का रं कवा लपलास तू?"

"नाही, बाबा."

"आठवून बघ. मोठ्या आंब्याच्या खाली हाय. लपाला बेस जागा."

अमृतने खरोखरच आठवून पाहिलं. सबंध झरीत, सबंध तालुक्यात, वर्षभर दिवसरात्र भिऊनही तो लपला होता एकदाच आणि एकाच शेतात. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, की आपण भ्यालो ते फार थोडं. "नाही हो, खरंच नाही," तो म्हणाला. मागच्यांपैकी एकाने विचारलं, "आन् माज्या?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने स्वतःच मान हलवली.

हिरूने बोटांवर महिने मोजले. "माजी तारीख आजून पडली नाय," तो शेवटी म्हणाला. "मंग औंदा ये. भात कमरेवढा झाला का निरोप धाडतो. दिसभर पडून ऱ्हा. भाकर मी देन."

वृत्तीचं वर्ष मे अखेरीला संपत होतं. भात कमरेएवढं व्हायला भाद्रपद उजाडतो. खाली रस्त्यावर शेठची जीप सुरू झाली, आणि अमृत नकळत पायरीवर खाली वाकला. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"मोठा आंबा," त्याने विचारलं, "कुठल्या अंगाला आला तो?"